तपकीर गल्लीतून कस्तुराकडे

बुधवार पेठ म्हटलं की आपल्या कॉलेजातल्या प्रत्येकाला आपापली बुधवार पेठ आठवते. फर्स्ट इयरला अप्पा बळवंत चौकातली सेकंड हँड पुस्तकं, मिनी प्रोजेक्टला तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आसपासची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं, आणि पेपरच्या आदल्या दिवशी दगडूशेठ! ज्याला मायक्रोकंट्रोलर जळल्यावर रात्री आठ वाजता बुधवारात पळावं लागलं नाही, तो ई अँड टीसीचा विद्यार्थीच नव्हे.

माझं आजोळच बुधवार पेठेत आहे. त्यामुळे महिन्यातले दोन रविवार मी मेसच्या पुरीभाजीला टांग मारून आजीच्या हातचं जेवते (रूममेट्स, जळू नका). पण हा लेख बुधवार पेठेवर नाही. तो आहे पेठेत कधीही न येणाऱ्या एका पक्ष्यावर. आता त्याचा आणि तपकीर गल्लीचा काय संबंध, ते हळूहळू कळेलच.

त्या पक्ष्याचं नाव शीळकरी कस्तूर. इंग्रजीत मलबार व्हिसलिंग थ्रश. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला नसेल, पण ऐकला नक्की असणार. आठवून बघा. पावसाळी ट्रेकला गेलाय, अजून नीट उजाडलेलं नाही, सगळीकडे धुकं, आणि खालच्या ओढ्यातून कोणीतरी शीळ घालत चाललंय. चाल धड नाही. चार स्वर वर, दोन खाली, मधेच गप्प, मग पुन्हा भलतंच काहीतरी. ग्रुपमधला एकजण ओरडतो, "कोण आहे रे खाली?" उत्तर येत नाही, कारण खाली कोणीच नसतं. असतो तो फक्त कस्तूर. शाळा बुडवून हिंडणारा मुलगा शीळ घालतोय असं वाटतं, म्हणून इंग्रजांनी त्याला 'व्हिसलिंग स्कूलबॉय' म्हणायला सुरुवात केली. एवढं चपखल नाव मी दुसऱ्या कुठल्या पक्ष्याचं ऐकलेलं नाही.

खरं सांगायचं तर सेकंड इयरपर्यंत हे नाव मलाही माहीत नव्हतं. मी पडले कॉन्व्हेंटवाली. बाबांच्या बदल्यांमुळे शाळा तीन झाल्या, पण तिन्ही 'सेंट' कोणीतरीच्या. आमच्या कवितांमध्ये रॉबिन, नाइटिंगेल आणि स्कायलार्क असायचे. रॉबिनवर मी निबंध लिहून बक्षीस मिळवलं आहे, आणि आजपर्यंत तो विलायती रॉबिन पाहिलेला नाही! घरी टीव्हीवर जंगल म्हणजे आफ्रिकेचं. तिथल्या दाट पावसाळी जंगलात 'अलेथी' नावाचे पक्षी मुंग्यांच्या फौजेच्या मागेमागे फिरतात आणि मुंग्यांना घाबरून उडालेले किडे मटकावतात, हे मला नववीत माहीत होतं. पण पुण्यापासून दीड-दोन तासांवर, ताम्हिणीच्या ओढ्यावर कोण गातं, हे सांगणारं कोणी भेटलं नव्हतं. असो. उशिरा का होईना, ओळख झाली.

तर आधी या महाशयांची थोडी माहिती.

आकार मैनेपेक्षा किंचित मोठा, साधारण 25 सेंटीमीटर. लांबून बघाल तर काळाकुट्ट, चोच काळी, पाय काळे. फोटो काढायला गेलात तर नुसता काळा ठिपका येतो. पण तिरका उजेड पडला की कपाळावर आणि खांद्यावर एकदम झळझळीत निळा रंग पेटतो, आणि मान वळवली की गायब. याचं कारण असं, की पक्ष्यांच्या पिसातला असा निळा हा मुळात रंग नसतोच. पिसाच्या आतली अतिसूक्ष्म रचना प्रकाशातल्या निळ्या लहरी परत फेकते, बाकीच्या नाही. सीडीच्या मागच्या बाजूला इंद्रधनुष्य दिसतं, पण सीडीला कोणी रंग लावलेला नसतो, तसंच काहीसं. असं पीस कुटून पूड केली तर हातात निळं काही उरत नाही. नर आणि मादी दिसायला सारखेच. पिल्लं तपकिरी, त्यांच्या कपाळावर निळा अजून उमटलेला नसतो.

राहण्याचा पत्ता म्हणजे सह्याद्री, आणि थोडा सातपुडा व पूर्वेकडचे काही डोंगर. पण खरा पत्ता एका शब्दात सांगता येतो: ओढा. दाट झाडी, ओले शेवाळलेले खडक आणि वाहतं पाणी. हे तीन असतील तिथे तो असतो. ताम्हिणी, भीमाशंकर, महाबळेश्वर, माथेरान, आंबोली, कुठेही जा. मुंबईकरांना तर नॅशनल पार्कातही तो भेटतो. खायला किडे, गांडुळं, बेडूक, खेकडे आणि रानातली बारीक फळं. खेकडा सापडला की तो चोचीत धरून खडकावर आपटायचा, नांग्या तुटेपर्यंत. आपल्या मेसमधल्या चपातीलाही हीच पद्धत लागू पडावी.

घरटंही ओढ्याच्याच काठाला. खडकाच्या कपारीत, धबधब्याच्या बाजूच्या कड्यावर, कधी रानाजवळच्या घराच्या वळचणीलाही. शेवाळ, मुळं, गवत आणि चिखल यांचं जाडजूड बांधकाम. अंडी दोन ते चार, फिकट गुलाबीसर, ठिपक्यांची. नर-मादी दोघं मिळून सोळा-सतरा दिवस उबवतात. विणीचा हंगाम फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत लांबतो, पण खरा जोर पावसाळ्यात. आपण छत्र्या आणि आजारपणं शोधत असतो तेव्हा यांचा संसार रंगात येतो. त्यात व्यवहार आहे. पाऊस पडला की बेडूक, खेकडे, गांडुळं आपणहून बाहेर येतात, आणि पिल्लांच्या तोंडात घालायला घास कमी पडत नाही. म्हणून गाणंही पावसातलं. हिवाळ्यात तो बराचसा मुका असतो. उडताना 'क्रीऽऽ' असा एक कर्कश, टोकदार आवाज देतो, तेवढंच. त्या आवाजावरून कोणाचा विश्वास बसणार नाही की हाच तो शीळवाला.

आणखी एक गंमत. नावात थ्रश असला तरी तो आता थ्रशच्या कुटुंबात नाही. डीएनए तपासल्यावर शास्त्रज्ञांनी त्याची बदली माशीमाऱ्यांच्या घराण्यात केली. आफ्रिकेतल्या त्या अलेथीचीही तशीच बदली झाली आहे. आपल्या हॉस्टेलच्या पाण्याच्या टाकीवर उन्हाळ्यात पहाटे गाणारा काळा-पांढरा दयाळ त्याच घराण्यातला. म्हणजे जे घराणं मी टीव्हीवर आफ्रिकेत बघत होते, त्यातला एक टाकीवर बसून माझी झोप मोडत होता.

हिमालयात कस्तुराचा एक भाऊबंद राहतो, निळा शीळकरी कस्तूर. त्याच्याबद्दल तिकडे एक कथा सांगतात. कृष्ण ओढ्याकाठी झोपला असताना एका मुलाने त्याची बासरी चोरली. कृष्णाने त्याचा पक्षी करून टाकला. पण मुलाने कृष्णाची बासरी थोडीफार ऐकली होती, ती त्याला अर्धीमुर्धी आठवत राहिली. म्हणून तो सुरुवात छान करतो आणि मधेच अडकतो. आमच्या सिग्नल्सच्या ओरलला माझंही असंच होतं.

सिग्नल्सवरून आठवलं. इथून पुढे थोडं टेक्निकल आहे, पण मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी पान उलटू नये.

मला पडलेला प्रश्न साधा होता. पावसाळ्यातला ओढा म्हणजे चोवीस तास चालू असलेला नॉइज जनरेटर. त्याच्या काठी उभं राहून आपण शेजारच्याशी बोलू शकत नाही. मग हा पठ्ठ्या नेमकी तीच जागा आणि तोच महिना का निवडतो? आणि त्या गोंगाटातून त्याची शीळ अख्ख्या दरीभर पोचते कशी?

याचं उत्तर शीळ या प्रकारातच आहे. विश्वास नसेल तर लॅबमध्ये सीआरओला माइक जोडा आणि त्यात 'आ' म्हणा. वेडीवाकडी वेव्ह येईल. आता शीळ घाला. एकदम स्वच्छ साइन वेव्ह! म्हणजे 'आ' म्हणताना आपली शक्ती अनेक फ्रीक्वेन्सींमध्ये वाटली जाते, आणि शीळ घालताना ती सगळी एका अरुंद पट्ट्यात एकवटते. ओढ्याचा आवाज पसरलेला असतो, आणि त्याचा जोर मुख्यतः खालच्या पट्टीत. त्या पसरलेल्या गोंगाटातून एक बारीक रेघ वर काढायची असेल तर शीळ उत्तम. कम्युनिकेशनच्या पुस्तकात नॅरोबँड सिग्नलबद्दल जे चार पानांत लिहिलंय, ते कस्तूर कधीपासून करतोय.

दुसरं कारण झाडांचं. 1975 साली युजीन मॉर्टन या शास्त्रज्ञाने पनामातल्या जंगलात आणि मोकळ्या माळावर आवाज कसे पोचतात ते मोजलं, आणि तिथल्या पक्ष्यांच्या गाण्यांशी ताडून पाहिलं. दाट जंगलातले पक्षी खालच्या पट्टीतले, शिळेसारखे शुद्ध स्वर जास्त वापरतात असं त्याला दिसलं. फार वरच्या पट्टीतला आवाज पानांवर आपटून विखुरतो. फार भरभर बदलणारे स्वर खोडांवरून आलेल्या प्रतिध्वनीत एकमेकांवर चढून त्यांचा काला होतो. मात्र लांबवलेला एक स्वर टिकतो. आपल्या ऑडिटोरियममध्ये निवेदक भरभर बोलायला लागला की काय होतं, आठवतंय ना? तेच.

आफ्रिकेचा पाठलाग सुटत नाही बघा. कॅमेरूनच्या पावसाळी जंगलात 'लिटल ग्रीनबुल' नावाचा एक साधासुधा हिरवट पक्षी आहे. आपल्या खिडकीबाहेरच्या बुलबुलाचाच तो नातेवाईक. हान्स स्लाबेकोर्न आणि टॉमस स्मिथ या दोघांनी 2002 साली दाखवून दिलं, की घनदाट जंगलातला ग्रीनबुल आणि जंगल संपून माळ सुरू होतो त्या कडेच्या झाडीतला ग्रीनबुल यांच्या गाण्यात फरक पडतो. आजूबाजूचा गोंगाट दोन्हीकडे वेगळा, म्हणून गाणंही वेगळं. पुढच्याच वर्षी स्लाबेकोर्न यांनी नेदरलँड्समधल्या लायडेन शहरात 'ग्रेट टिट' या चिमणीएवढ्या पक्ष्याचा अभ्यास केला. जिथे रहदारीचा गोंगाट जास्त, तिथले पक्षी खालचे स्वर सोडून वरच्या पट्टीत गात होते.

थोडक्यात काय, तर आवाज हा एकट्या पक्ष्याचा नसतो. त्यात त्याच्या जागेचाही वाटा असतो. ओढा काढून घेतला तर कस्तुराची शीळ नुसतीच शीळ उरते.

हे वाक्य मी वाचून लिहिलेलं नाही. ते मला ज्यांच्यामुळे कळलं ते माझे आजोबा. आता आपण तपकीर गल्लीत येऊ.

आजोबांचं गल्लीत चाळीसेक वर्षं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, एक सोल्डरिंग गन आणि छतापर्यंत रचलेले लोकांचे टेप. आजोबा मल्टिमीटर नंतर लावायचे, आधी कान लावायचे. "हम येतोय, फिल्टरचा कपॅसिटर गेला." "हेड घासलंय, वरचे स्वर येत नाहीत." मला सोल्डरिंग त्यांनीच शिकवलं. त्यांचं बोलणं मात्र चढ्या आवाजात. आई म्हणते, बुधवारातल्या माणसांना हळू बोलता येत नाही. त्यालाही नाव आहे: लोंबार्ड इफेक्ट. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे 1911 साली एका फ्रेंच डॉक्टरने दाखवलं. पुढे पक्ष्यांमध्येही हेच आढळलं.

तीनेक वर्षांपूर्वी आजोबा एकदा जेवताना म्हणाले, "चिमण्या संपल्या गं पेठेतल्या. एक आवाज येत नाही सकाळी." चिमण्या कमी झाल्या असं सगळेच म्हणतात, म्हणून कोणी काही बोललं नाही. पण त्याच वेळी मागच्या वळचणीला दोन चिमण्या जोरजोरात भांडत होत्या. आजीने माझ्याकडे बघितलं, मी आजीकडे. चिमण्या होत्या. आजोबांना त्या ऐकू येत नव्हत्या.

मग कानाची तपासणी झाली. ऑडिओग्रामचा कागद मी बघितला आणि पोटात गोळा आला, कारण असा ग्राफ मला रोज भेटतो. लो पास फिल्टर! खालच्या फ्रीक्वेन्सीला बऱ्यापैकी सरळ, आणि वर जाता जाता घसरगुंडी. आपल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्या तोंडाशी असलेल्या पेशी वरचे स्वर पकडतात, आणि वय वाढलं किंवा गोंगाट फार सोसला की आधी त्याच झिजतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये उगवतात! चिमणीचा कान बिघडला तर ती दुरुस्त करून घेते, आणि अख्ख्या पेठेचे टेप दुरुस्त करणाऱ्या माणसाला स्वतःचा कान दुरुस्त करता येत नाही. हे मला अजूनही पटत नाही.

वरचे स्वर गेले म्हणजे फक्त चिमण्या जात नाहीत. 'स', 'श', 'फ', 'थ' ही अक्षरंही तिथेच राहतात. आठ आणि साठ एक होतात. श्रवणयंत्र घेतलं, पण तपकीर गल्लीत ते लावलं की आधी हॉर्न मोठे होतात आणि मग माणसं. आजोबांनी ते चार दिवसांत ड्रॉवरमध्ये ठेवलं. "नुसता नॉइज अॅम्प्लिफाय होतोय," म्हणाले. दुकान मामाने भाड्याने दिलं. आजोबांचं चढ्या आवाजातलं बोलणंही हळूहळू कमी होत गेलं. ऐकू न येणारा माणूस आधी प्रश्न विचारायचं सोडतो, मग उत्तर द्यायचं. जेवणाच्या टेबलावर ते आमच्यात असूनही नसायचे.

अशा दिवसांत मी कस्तुराचं रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकलं आणि डोक्यात एक हिशेब सुरू झाला. माणसाची शीळ साधारण पाचशे ते पाच हजार हर्ट्झमध्ये येते. कस्तुराची शीळ माणसासारखी वाटते, म्हणजे ती त्याच पट्ट्यातली असणार. शुद्ध स्वर, सावकाश चाल. आजोबांच्या ग्राफमध्ये घसरगुंडीच्या वर जेवढी जागा शिल्लक होती, त्यात या पक्ष्यातलं निदान थोडं तरी बसायला हवं होतं. कागदावर गणित जमत होतं. पण कागदावर आपलं प्रत्येकच सर्किट चालतं.

गेल्या जूनमध्ये परीक्षा संपल्यावर मामाच्या मागे लागले. ताम्हिणीच्या बाजूला मामाच्या मित्राचं एक कौलारू घर आहे, मागून ओढा वाहतो. आजी म्हणाली, "या पावसात कुठे नेताय त्यांना? पक्षी ऐकायला? ज्यांना दाराची बेल ऐकू येत नाही त्यांना?" आजोबांना हे ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल. ते गुपचूप स्वेटर घालून गाडीत बसले.

मुळशीच्या धरणाच्या कडेकडेने जाताना पाऊस लागला तो रात्रभर लागला. पहाटे सव्वापाचला मी आजोबांना उठवून मागच्या पडवीत आणून बसवलं. समोर अंधार, त्यात ओढ्याचा नुसता घोष. पाच मिनिटांत शीळ सुरू झाली. पलीकडच्या काठाला, बरीच लांब. मी आजोबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. नाही.

खरं सांगते, कुठल्याही व्हायव्हाला इतकी धडधड झाली नव्हती. मला त्यांना पुन्हा एकदा एखाद्या परीक्षेत नापास करायचं नव्हतं. "आजोबा, थंडी आहे, आत जाऊया का?" मी विचारलं. ते जागचे हलले नाहीत. कान त्या बाजूला वळवून बसले, टेपला लावायचे तसे.

पाऊस थोडा ओसरला. शीळ थांबली, मग अचानक खूप जवळून आली. न्हाणीघराच्या मागे, वीस-पंचवीस फुटांवर. वर गेली, रेंगाळली, खाली घसरली, मधेच अडकली. आजोबांनी एक बोट वर केलं. दुकानात असताना आम्ही बोललो की ते असंच बोट वर करायचे: गप्प बसा, ऐकतोय. आणि शीळ वर गेली की त्यांचं बोट वर, खाली आली की खाली. मी काहीच बोलले नाही. बोलता येण्यासारखं नव्हतंच.

दोन-तीन मिनिटांनी ते आपल्या जुन्या, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बेल्ट सैल झालाय!"

"काय?"

"टेपचा बेल्ट गं. स्पीड वरखाली होतोय. ऐक, आता बघ घसरेल... घसरला! वॉव अँड फ्लटर म्हणतात याला." मग जरा थांबून म्हणाले, "मोटर मात्र चांगली आहे."

मामा हसत सुटला. कस्तूर आमच्या आवाजाने 'क्रीऽऽ' करत उडाला. तेवढा 'क्रीऽऽ' आजोबांना ऐकू आला नाही. तो वरच्या पट्टीतला. उजाडल्यावर तोच किंवा त्याचा जोडीदार ओढ्यातल्या खडकावर खेकडा आपटताना दिसला, आणि क्षणभर कपाळावरचा निळा पेटला. आजोबांनी नाश्त्याला बसल्यावर मामाला सोळा प्रश्न विचारले. पोहे कसले, पाऊस किती, गाडीचा एसी दुरुस्त केला का. मी मोजले म्हणून सांगते.

पुण्यात परत आल्यावर कान काही सुधारला नाही. असल्या गोष्टी सिनेमात होतात. पण श्रवणयंत्र ड्रॉवरमधून बाहेर आलं. "पेठेत नाही चालत ते. पहाटे चालेल," हे त्यांचं स्वतःचं निदान. गल्ली झोपलेली असताना ते गच्चीत यंत्र लावून बसतात. शेजारच्या अँटेनावर दयाळ येतो, तो थोडाफार ऐकू येतो म्हणतात. मशीन वाईट नव्हतं, जागा आणि वेळ चुकत होती. हे निदान डॉक्टरांनी नाही, आजोबांनी केलं, आणि त्यांना ते ओढ्याकाठी सुचलं असा माझा अंदाज आहे.

मी मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग लॅबमध्ये स्पेक्ट्रोग्रामवर टाकलं. खाली ओढ्याचा करडा गाळ, आणि त्याच्या वर कोणी पेनाने गिरगोटे काढावेत तशी एक स्वच्छ रेघ. तिच्यावर मधेच एक जाड पट्टा येतो. ते 'बेल्ट सैल झालाय' आहे. तो मी एडिट केलेला नाही.

आता जाता जाता थोडं कडू. त्याच दिवशी रविवार होता. दहा वाजेपर्यंत घाटात गाड्यांची रांग लागली. धबधब्यापाशी दारं उघडी टाकून स्पीकर लावले गेले, बेसमुळे पडवीची कौलं थरथरत होती. शीळ पुन्हा ऐकू आली नाही. पक्षी गेला होता की गात असूनही आम्हाला ऐकू येत नव्हता, हे मला सांगता येणार नाही, पण आपल्यासाठी दोन्हीचा अर्थ एकच. आपला कायदा शहरातल्या बाजारपेठेलासुद्धा दिवसा 65 डेसिबलची मर्यादा घालतो. ओढ्याकाठी ती मोजायला कोणी उभं नसतं. कस्तुराने हजारो वर्षांत ओढ्याच्या गोंगाटाशी जमवून घेतलं. आपल्या गोंगाटासाठी आपण त्याला किती वेळ देणार?

पूर्वी हा पक्षी पिंजऱ्यात पाळत असत, कारण शिकवलेली चाल तो आख्खी उचलतो. आता 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद आहे. पण हल्ली नवीन प्रकार निघालाय. मोबाइलवर त्याचीच शीळ लावून त्याला फोटोसाठी जवळ बोलवायचं. विणीच्या दिवसांत घरटं सोडून तो न दिसणाऱ्या शत्रूला शोधत बसतो. एका फोटोसाठी हे करू नका. पहाटे लवकर उठा, गप्प बसा, तो आपणहून येतो. ऐंशीच्या घरातल्या माणसाला जमलं, तुम्हाला का जमू नये?

यंदा जूनमध्ये आम्ही पुन्हा जाणार आहोत. आजोबांनी सांगितलंय, "बेल्ट बदलला का बघून येऊ." मामाच्या गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. कोणाला यायचं असेल तर लेडीज हॉस्टेलवर निरोप ठेवा. अट एकच: गाडीतला स्पीकर बंद.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन